काठवटीचें ओलें लाकूड आणि स्पिरिटाचें पात्र

बांधावरची जुनी बाभूळ वळवाच्या वाऱ्यानें आडवी झाली, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांत तिच्या वांट्याला बहुधा दोनच गति येतात. सरळ भाग सुताराकडे जाऊन त्याचें जूं, रुमणें किंवा कुळवाचें खोड होतें. आणि बुंध्याचा जाड, वांकडा, गांठाळ भाग चुलीच्या धनी होतो. वास्तविक काठवटीसारखें खोलगट पात्र करावयास हा बुंध्याचा भागच उत्तम. तरी शेतकरी त्या वाटेस जात नाहीं, याचें कारण अनुभवाचें आहे. कातारी ओल्या लाकडाचें पात्र मोठ्या हौसेनें कातून देतो, आपण तें घरीं आणून फळीवर ठेवितों, आणि आठ दिवसांनीं पाहतों तों कांठापासून बुडापर्यंत बोटभर भेग गेलेली असते. झाड गेलें, मजुरी गेली, आणि हातीं सरपण आलें.

हें नुकसान टाळण्याचा एक नवा उपाय म्हणजे ओबडधोबड कातलेलें ओलें पात्र स्पिरिटांत, म्हणजे मद्यार्कांत, बुडवून ठेवून मग सुकविणें. उपायाची चर्चा पुष्कळ होते, पण तो ज्या भांड्यांत करावयाचा त्या भांड्याचा विचार कोणी करीत नाहीं. आमच्या मतें या कामांतलें निम्मे यश आणि जवळ जवळ सर्व धोका त्या भांड्यांत आहे. म्हणून हा लेख मुख्यतः भांड्याविषयींच लिहीत आहों.

प्रथम लाकूड फाटतें कां, हें थोडक्यांत पाहूं. ओल्या लाकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें. कांहीं पेशींच्या पोकळींत, व कांहीं पेशींच्या भिंतींत मुरलेलें. पोकळींतलें पाणी गेलें तरी लाकूड आकसत नाहीं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानानें ओल सुमारें ३० टक्क्यांच्या खालीं उतरली, म्हणजे भिंतींतलें पाणी सुटूं लागतें व आकसणें सुरू होतें. तेंही सर्व बाजूंनीं सारखें नसतें. वर्षावर्षाचीं जीं वर्तुळें खोडांत दिसतात, त्यांच्या वळणाच्या दिशेनें लाकूड जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच तें मध्यापासून सालीकडे आकसतें. त्यांत आपल्याकडील उन्हाळा असा, कीं वैशाखांतल्या कोरड्या हवेंत लाकडाची ओल दहा टक्क्यांच्याही खालीं जाते. बाहेरचा थर घाईनें सुकून आंवळतो, आंतला अजून फुगलेलाच असतो, आणि या ओढाताणींत लाकूड उकलतें. पात्रांत झाडाचा अगदीं मधला बिंदु राहिला असेल तर भेग हटकून तेथूनच निघते. यासाठीं बुंधा मधोमध उभा चिरून, तो बिंदु काढून टाकूनच कातकामास द्यावा.

यावर जुना इलाज सावकाशीचा आहे. गाडीचें लाकूड महिनोन्महिने पाण्यांत बुडवून मग सावलींत सुकविण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. स्पिरिटाची युक्ति मात्र अलीकडची, मुख्यतः अमेरिकेंतील कातारी मंडळींत या शतकाच्या आरंभापासून पसरलेली आहे. पात्र कातल्याबरोबर तें निदान चोवीस तास स्पिरिटांत बुडवावयाचें, निथळवून बाहेरून कागदांत गुंडाळावयाचें, आणि पालथें घालून सुकवावयाचें. पाणी व मद्यार्क एकमेकांत पूर्णपणें मिसळतात, म्हणून लाकडांतलें कांहीं पाणी बाहेर येऊन त्याच्या जागीं मद्यार्क शिरतो, व तो पाण्यापेक्षां लवकर उडून जातो. शिवाय द्रवाचा पृष्ठभाग आकसण्याचा जो ओढा असतो, तो पाण्याच्या मानानें मद्यार्कांत सुमारें एक-तृतीयांशच आहे, त्यामुळें सुकतांना पेशींच्या भिंतींवर ताण कमी पडतो. पाणथळ जागीं सांपडलेलें प्राचीन लाकूड सुकवितांना संग्रहालयांतील तज्ज्ञही पाण्याच्या जागीं मद्यार्क भरण्याची हीच युक्ति योजीत आले आहेत. तथापि हेंही सांगितलें पाहिजे, कीं कातारी मंडळींत याविषयीं एकमत नाहीं. खरा गुण कागदाच्या वेष्टणाचा, स्पिरिट निमित्तमात्र, असें म्हणणारे अनुभवी लोक आहेत. आणि आम्हांसही त्यांत बरेंच तथ्य वाटतें.

मद्यार्क ही आपल्या जिल्ह्यास परकी वस्तु नव्हे. उंसाच्या मळीपासून तो होतो, हें ऊंस लावणारा प्रत्येक जण जाणतो. कळंब तालुक्यांतील चोराखळी येथील साखर कारखान्यानें २०२१ च्या साथीच्या दिवसांत आपल्या इथेनॉल प्रकल्पांत फेरफार करून रुग्णांसाठीं प्राणवायु काढला होता, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. असो. आतां भांड्याकडे वळूं.

शेतकऱ्याच्या हाताशीं पहिलें भांडें म्हणजे लोखंडी घमेलें. तेंच सर्वांत वाईट. बाभळीच्या सालींत व लाकडांत जो तुरट अंश आहे, ज्याच्या जोरावर चांभार कातडें कमावितो, तो लोखंडाशीं मिळाला कीं काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करीत. हिराकसांत लोखंडच असतें. तेव्हां बाभळीचें पात्र लोखंडी घमेल्यांत भिजत घालणें म्हणजे शाईच्या दौतींत बुडविणें होय. हा तुरट अंश पाण्यांत उतरतो तसाच स्पिरिटांतही उतरतो. स्पिरिट वापरल्यानें डाग टळेल ही समजूत खोटी आहे.

हें आम्ही पोथींतून सांगत नाहीं. आमच्या पहिल्या प्रयत्नांत शेतावरचें एक मोठें घमेलें घासूनपुसून घेतलें, त्यांत पात्र ठेवून वर पत्र्याचें झाकण टाकलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उघडून पाहिलें. बुडाला काळें वर्तुळ उमटलेलें होतेंच. पण झाकणाच्या आंतल्या अंगास वाफ जमून तिचे थेंब जेथें जेथें गळले होते, तेथें तेथें कांठावरही काळे ठिपके पडले होते. मातोश्रींनीं तें हातांत घेऊन, ‘ही काठवट म्हणायची कीं तवा?’ एवढेंच विचारलें. लिंबाच्या रसानें घासून डाग थोडा फिका झाला, गेला नाहीं. तेव्हांपासून आमचा नियम असा, कीं भांडें तर नाहींच, पण झाकणही लोखंडाचें नको. आणि लेथवर पात्र धरण्यासाठीं मारलेले स्क्रू भिजविण्यापूर्वीं काढून घ्यावे, नाहींतर त्या भोंकांभोंवतींही काळीं कडीं उठतात. कोणाला प्रचीति पाहावयाची असेल त्यानें बाभळीच्या ओल्या ढलपीवर एक खिळा रात्रभर ठेवून पाहावा.

जस्ताचा मुलामा दिलेली बादली नवी असतां बरी दिसते, पण लाकडांतल्या आम्ल अंशानें मुलामा खाल्ला जातो, आणि जेथें ओरखडा असेल तेथें खालचें लोखंड उघडें पडतें. तांब्या-पितळेचें घंगाळ आकारानें मोह पाडणारें खरें, रुंद तोंडाचें आणि पसरट. परंतु कल्हई उडालेल्या जागीं त्याचाही हिरवट डाग लागतो, व त्याला घट्ट झाकण कुठलें? जर्मनचें पातेलें एखाद्या दिवसापुरतें चालेल, मात्र त्यांत स्पिरिट महिनोन्महिने साठवूं नये. धातूंत निर्धास्तपणें घ्यावें तें एकच, स्टेनलेस स्टील. घरोघर धान्याची स्टीलची कोठी असते. तिच्यांतली एखादी लहान, रुंद, झाकण नीट बसणारी कोठी या कामासाठीं कायमची वेगळी काढावी. पुन्हा तिच्यांत धान्य भरूं नये.

मातीच्या भांड्यांत माठ, डेरा व रांजण निरुपयोगी होत. ज्या पाझरण्यामुळें माठांतलें पाणी गार होतें, त्याच पाझरण्यानें स्पिरिट भिंतींतून उडून जाईल, आणि त्याची ज्वालाग्राही वाफ घरभर पसरेल. चिनी मातीची झिलईदार बरणी मात्र गुणानें निर्दोष आहे. तिला ना गंज, ना डाग. अडचण तोंडाची, लोणच्याच्या बरणींत हात जातो, बारा इंची पात्र जात नाहीं. लहान डब्या व वाट्या भिजवावयाच्या असतील तर बरणीसारखें दुसरें भांडें नाहीं.

आतां प्लास्टिक. येथें फार चुका होतात. प्लास्टिकच्या बहुतेक भांड्यांच्या बुडाशीं त्रिकोणांत एक अंक कोरलेला असतो. त्यांत २ किंवा ५ अंक असेल तर तें प्लास्टिक मद्यार्कास टिकतें. दुधट रंगाच्या जाड बादल्या व पिंपें पुष्कळदां याच जातींचीं असतात. कांचेसारख्या पारदर्शक व कडक प्लास्टिकच्या कांहीं जातींना स्पिरिटानें बारीक बारीक तडे जातात, आणि तडा गेलेलें भांडें केव्हां गळूं लागेल याचा नेम नसतो. झाकणाला रबरी कडें असेल तर तें फुगत नाहीं ना, हें आठ दिवस थोड्या स्पिरिटांत ठेवून आधीं पाहून घ्यावें.

आणि एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. शेतावर रिकामीं पिंपें व कॅन पडलेले असतात ते बहुधा फवारणीच्या औषधांचे. घट्ट झाकण, जाड प्लास्टिक आणि फुकट, म्हणून हात त्यांच्याकडेच जातो. पण त्या भिंतींत औषधाचा अंश मुरलेला राहतो व तीन वेळां धुऊनही तो निःशेष जात नाहीं. कांहीं औषधें पाण्यापेक्षां मद्यार्कांत अधिक विरघळतात. असल्या पिंपांत भिजविलेलें पात्र म्हणजे विषाचा अंश लाकडाच्या पोटांत भरून घरांत आणणें होय. अशीं पिंपें भोंक पाडून निकामीं करावीं; दुसऱ्या कोणत्याही कामास घेऊं नयेत.

भांड्याच्या जातीइतकेंच त्याच्या मापाला महत्त्व आहे, कारण स्पिरिट महाग आहे. समजा, पात्राचा व्यास ३० सेंटिमीटर व उंची १० सेंटिमीटर आहे. ओलें कातलेलें असल्यानें त्याची भिंत व्यासाच्या सुमारें एक-दशांश, म्हणजे तीन सेंटिमीटर, ठेवलेली असावी. सुकतांना पात्र थोडें लांबट होतें, तें पुढें पुन्हा गोल कातावयास एवढी जाडी लागते. अशा पात्राचें लाकूड अदमासें २.३ लिटर जागा व्यापतें. तें ३२ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यांत ठेवून १२ सेंटिमीटरपर्यंत द्रव भरावयाचा तर सुमारें ७.३ लिटर स्पिरिट लागेल. तेंच पात्र ४५ सेंटिमीटर रुंद टपांत ठेवलें, तर त्याच उंचीस जवळ जवळ १७ लिटर लागेल. काम तेंच, पण खर्च दुपटीहून अधिक, आणि पेट घेण्याजोगा द्रवही दुपटीहून अधिक. म्हणून पात्रापेक्षां दोन बोटें मोठें असेल तेंच भांडें निवडावें. मोठेंच भांडें असेल तर रिकाम्या जागेंत पाण्यानें भरून बूच घट्ट लावलेल्या कांचेच्या बाटल्या ठेवाव्या, व पात्राच्या पोटांत दुसरें लहान कातलेलें पात्र बसवावें. जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या एकींत एक घालून, आंत पात्र ठेवून, तें बुडेल इतकेंच स्पिरिट ओतून तोंड बांधलें व ती पिशवी बादलींत ठेवली, तर याहूनही कमी स्पिरिटांत भागतें. मात्र सालीचा तीक्ष्ण कंगोरा राहिला असेल तर पिशवी फाटते, म्हणून कांठ आधीं घासून घ्यावे. पात्र वर तरंगेल ही भीति नको. लिटरभर पाणी एक किलो भरतें, तर शुद्ध मद्यार्क सुमारें ७९० ग्रॅमच; त्यामुळें पाण्यावर तरंगणारें पुष्कळसें ओलें लाकूडही स्पिरिटांत खालीं बसतें.

झाकण घट्ट हवें, कारण उघड्या भांड्यांतून स्पिरिट डोळ्यांदेखत उडून जातें. पण घट्ट झाकणाचाही एक पैलू आहे. मद्यार्काच्या वाफेचा दाब २० अंश उष्णतेस पाऱ्याच्या ४४ मिलिमीटरांइतका, तर ४० अंशांस त्याच्या तिप्पट असतो. आणि ४० अंश हें तर आपल्या चैत्र-वैशाखाचें नेहमींचें मान. म्हणून भांडें कांठोकांठ भरूं नये, उन्हांत ठेवूं नये, आणि उघडतांना झाकण आधीं थोडें सैल करून मग काढावें. हें काम शक्य तों हिवाळ्यांतच करावें हें बरें.

आगीची गोष्ट याहून गंभीर आहे. साधारण १५ अंश उष्णतेपासूनच मद्यार्काची वाफ ठिणगीनें पेटूं शकते, म्हणजे आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ ती पेटावयास सिद्धच असते. ही वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सरपटत जाते; दूर पेटलेल्या चुलीपर्यंत पोहोंचून ज्वाला परत भांड्यापाशीं येते. त्यांतही ही ज्वाला फिकट निळी असते व दिवसाच्या उजेडांत दिसत नाहीं. म्हणून भांडें स्वयंपाकघरांत, देव्हाऱ्याजवळ, मोटारपंपाच्या स्टार्टरशेजारीं किंवा कडब्याच्या गंजीपाशीं कधींही ठेवूं नये. मोकळ्या वाऱ्याची, दोन बाजूंनीं उघडी, फरशीची छपरी सर्वांत उत्तम. जवळ विडी नको. पाण्यानें भरलेला मोठा हौद व ओलें पोतें हाताशीं असावें. रॉकेलाप्रमाणें स्पिरिट पाण्यावर तरंगत नाहीं, तें पाण्यांत मिसळतें, म्हणून भरपूर पाण्यानें ही आग विझूं शकते.

बाजारांत उद्योगासाठीं मिळणारें स्पिरिट पिण्यास अयोग्य व्हावें म्हणून मुद्दाम विकृत केलेलें असतें, व त्यांत कित्येकदां मेथिल मद्यार्क असतो. त्याचा थोडाही अंश पोटांत गेल्यास दृष्टि जाते किंवा प्राण जातो. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईंतील मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तीं याच द्रव्यामुळें. तेव्हां भांड्यावर ‘विष’ हा शब्द ठळक लिहावा, त्याला कुलूप असावें, आणि गड्यामाणसांस तें काय आहे हें स्पष्ट सांगावें. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत तें भरून ठेवणें तर गुन्ह्यासारखेंच समजावें. शिवाय असें स्पिरिट विकत घेणें व बाळगणें १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेंत येतें. आधीं राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरींत विचारून, लागेल ती परवानगी घेऊनच तें आणावें.

इतकें झाल्यावर वाचक विचारतील, कीं मग ज्या काठवटींत भाकरीचें पीठ मळावयाचें ती स्पिरिटांत घालावी कीं नाहीं? आमचें उत्तर, घालूं नये. मद्यार्क उडून जातो हें खरें. परंतु विकृत करण्यासाठीं घातलेलीं सर्वच द्रव्यें उडून जात नाहींत. कडूपणा आणण्यासाठीं वापरतात तें एक द्रव्य तर लाकडांतच राहतें, आणि रोज कोमट पाणी व पीठ त्या लाकडास लागणार. विक्रीसाठीं शोभेचीं तबकें किंवा डब्या करविणाऱ्यानें स्पिरिटाचा प्रयोग अवश्य करावा. रोजच्या काठवटीला पाणीच योग्य.

पाण्यासाठींही भांड्याचा तोच विचार लागू पडतो. लोखंडी टाकी नको. सिमेंटचा नवा हौदही नको, कारण नव्या सिमेंटच्या खारट पाण्यानें बाभळीचें लाकूड काळवंडतें. जनावरांच्या पाण्याची जुनी दगडी डोण वाड्यांत पडून असेल तर तिच्याइतकें चांगलें पात्र विकत मिळणार नाहीं. तींत पात्र बुडवून, वर धुतलेला दगड ठेवून, दर तिसऱ्या दिवशीं पाणी बदलावें. तीन-चार आठवडे असें केल्यानें लाकडांतला गोड रस बराचसा निघून जातो, व भुंगा लागण्याचें भय कमी होतें. पाण्यानें सुकण्याचा काळ मात्र कमी होत नाहीं, ही अपेक्षा धरूं नये.

स्पिरिटांतून काढलेलें असो कीं पाण्यांतून, पुढची क्रिया एकच. स्पिरिटाचें पात्र छपरींत तासभर निथळूं द्यावें. मग बाहेरच्या अंगाला जुन्या कागदाचे दोन-तीन थर घट्ट गुंडाळावे, तोंड मोकळें ठेवावें, आणि हवा आंत खेळावी म्हणून दोन काठ्यांवर पालथें घालावें. यामुळें आंतली बाजू आधीं सुकते व बाहेरची मागाहून, आणि बाहेरच्या कांठावर फाडणारा ताण येत नाहीं. वारा व ऊन दोन्ही वर्ज्य. पहिले चार दिवस स्पिरिटाचें पात्र राहत्या घरांत आणूं नये. उरलेलें स्पिरिट फडक्यानें गाळून पुन्हा डब्यांत भरावें. दर खेपेस लाकडांतलें कांहीं पाणी त्यांत उतरतें, म्हणून पांच-सहा खेपांनंतर त्याचा जोर कमी झाला असें समजून नवें घ्यावें. जुनें स्पिरिट विहिरीच्या पाटांत ओतूं नये.

पात्र सुकलें हें हाताला लागणाऱ्या कोरडेपणावरून ठरवूं नये. बाहेरून कोरडें लागणारें लाकूड आंतून ओलें असतें. भिजविण्यापूर्वीं व काढल्यावर वजन करून बुडावर पेन्सिलीनें लिहावें, आणि पुढें दर रविवारीं तेंच तराजू घेऊन पुन्हा तोलावें. लागोपाठ तीन आठवडे वजन ढळलें नाहीं, म्हणजे कागद सोडून पात्र कातारीकडे शेवटच्या हातासाठीं न्यावें. स्पिरिटाच्या पात्राला यास कित्येकदां महिना पुरतो. डोणींतल्या काठवटीला पावसाळा गांठला तर दिवाळी उजाडते.